गट नंबर एकशे सत्तेचाळीस

४ जानेवारी १९९८

गजानन सकाळी सकाळी एका पाणाड्याला घेऊन दारात हजर. गजानन म्हणजे शैलाचा धाकटा भाऊ, नवीन जालन्यात शाळामास्तर. त्यालाही प्लॉट घ्यायचाय. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून आमच्या क्वार्टरच्या अंगणात दोन येरझाऱ्या घातल्या आणि नारळ उभा राहिला. खाली नगरपालिकेचा नळ आहे, त्याला आठवड्यातून एकदा पाणी येतं, हे त्या नारळाला कुणी सांगितलं नसावं. मी हसलो तर मास्तरांना राग आला.

"दाजी, नारळाचं सोडा. पण नुसत्या कागदावर जागा घेऊ नका. मी आधी तिथल्या लोकांत जाऊन बसतो. मेंढरंवाला, म्हाताऱ्या बाया. त्यांना बराबर माहीत असतं."

मेंढरंवाल्याला विचारून जागा घेणारा माणूस पोरांना काय शिकवत असेल, देव जाणे.

मला जागा बघायला कुणी शिकवू नये. बत्तीस वर्षं महसूल खात्यात काढली. तलाठी होतो, आता अव्वल कारकून आहे. मेअखेर निवृत्त. एकतीस तारखेला क्वार्टरची किल्ली द्यायची, त्याआधी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं राहिलं पाहिजे. उमाचं पहिलं बाळंतपण जुलैत आहे. शैलाने सात बदल्यांत सात घरं लावली, सात घरं मोडली, कधी तोंडातून शब्द काढला नाही. यंदा मात्र म्हणाली, "पोरीचं बाळंतपण आपल्या घरात, आपल्या पाण्यावर झालं पाहिजे. मला दुसरं काही नको." मी शब्द दिलाय.

यादी केली. नाल्याची पातळी, काळ्या मातीची खोली, वरून जाणारी विजेची तार, लोखंडाच्या कारखान्यांचा धूर कोणत्या वाऱ्याला येतो ते, आणि सात-बारा. माणसं खोटं बोलतात. सात-बारा बोलत नाही, दाखवतो.

११ जानेवारी

सोनखेडा शिवारात जागा पाहिली. गट नंबर १४७. मालक भुजंग, तिशीचा शेतकरी गडी. ह्या सोनखेड्यात मी ब्याऐंशी ते शहाऐंशी तलाठी होतो, त्यामुळे मला बघताच त्याने सायकल आडवी टाकून नमस्कार केला. ह्याच्या बापाचं नाव धर्मराज. तो म्हातारा चावडीवर सारखा अर्ज घेऊन यायचा एवढं आठवतं. कशाचा अर्ज, ते नाही आठवत. त्या काळी अर्ज घेऊन कोण येत नव्हतं?

जागा फार छान. नाल्यापासून उंचावर. तार नाही, धूर उलट दिशेला जातो. कोपऱ्यात कुदळ मारून खड्डा घेतला, चार फुटांवर मुरूम लागला. आणि स्वच्छता तर अशी की आपण शिवारात आहोत असं वाटू नये. आजूबाजूला गाजर गवत कमरेएवढं, इथं मधल्या भागात काडी नाही. मुंग्यांचं वारूळ नाही, वाळवी नाही. भुजंगला विचारलं, रोज झाडतोस की काय?

"न्हाई साहेब. तिथं आपसूकच काही येत न्हाई."

भाव ऐकून मीच दचकलो. आजूबाजूच्या निम्मा. अकृषिकचा, म्हणजे शेतजमिनीवर घर बांधू देण्याचा, आदेश काढण्याचं काम माझ्याच टेबलावर येतं, हे त्याला ठाऊक असणार. माणूस घाबरला की भाव आपोआप खाली येतो.

"तुमच्यासारख्या जाणकारानंच घ्यावी साहेब," तो म्हणाला. "आमचा बा लई नाव काढायचा तुमचं."

बाप आठवण ठेवून होता म्हणायचा. खेड्यातली जुनी माणसं उपकार विसरत नाहीत.

१३ जानेवारी

अभिलेख कक्षात बसून वीस वर्षांचे सात-बारे काढले. असा खटाटोप जालन्यात एकही घेणारा करत नसेल. लोक दलालाच्या स्कूटरवर मागे बसून जागा बघतात आणि त्याच स्कूटरवर सौदा करून येतात.

पीकपाहणीचा रकाना पहिल्या वर्षापासून आजपर्यंत एकसारखा. ज्वारी, ज्वारी, ज्वारी. म्हणजे जमीन जिवंत, दरवर्षी पिकणारी. त्यात ब्याऐंशी ते शहाऐंशी ही पानं कुणाच्या अक्षरात? माझ्या! काय वळण होतं तेव्हा अक्षराला. शैलाला दाखवायला झेरॉक्स आणली. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पुराव्यावर घर बांधणारा माणूस विरळा.

एक गंमत. माझ्या आधीच्या तलाठ्याने त्या गटात "विहीर: एक" अशी नोंद केलीय. जागेवर विहिरीचा मागमूस नाही. पंच्याऐंशीनंतर माझ्या पानांवर ती नोंद नाही, म्हणजे मीच ती चूक सुधारलेली दिसते. कोणत्या गाढवाने घरी बसून विहीर लिहिली असेल!

पीकपाहणी आम्हीही काही पायाला चिखल लावून केली नाही, हे खरं. दोनशे गटांच्या शिवारात कोण फिरतो? चावडीवर खुर्ची टाकायची, कोतवाल समोर, आपण गट नंबर म्हणायचा, तो पीक सांगतो, आपण लिहायचं. साऱ्या जिल्ह्यात असंच चालतं. कोतवाल गावचाच असतो, त्याला काय दिसत नाही?

१८ जानेवारी

त्या वेळचा कोतवाल रखमाजी अजून आहे. त्याला बोलावून घेतलं, तेवढीच खात्री. सत्तरी उलटली, पाठीला बाक आला, पण मला बघताच जोडे दाराबाहेर काढून उंबऱ्याशीच बसला. शैलाने आत ये म्हटलं तरी आला नाही. जुनी शिस्त ती जुनी शिस्त.

"रखमाजी, एकशे सत्तेचाळीसमध्ये काय पेरत होते रे?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणतो, "तुम्ही लिव्हलंय तेच, साहेब."

"ज्वारी?"

"तुम्ही लिव्हलंय, मंग ज्वारीच."

झालं. कागद आणि माणूस दोन्ही एका तोंडाने बोलले. चहा घेऊन तो उठला. जोडे घालताना म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर सगळं माहीतच हाय." हे मात्र अगदी खरं बोलला.

२७ जानेवारी

गजानन सोनखेड्याला जाऊन आला. मला न विचारता. रखमाजीची बायको गोजरबाई शेळ्या राखते, तिच्यापाशी लिंबाखाली दोन तास बसला म्हणे. मास्तरांना दुसरा उद्योग नाही.

"दाजी, ती बाई शेळ्यांना त्या तुकड्यात पाय ठेवू देत नाही. काठी आडवी धरते. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, साहेबांस्नी इचारा."

बघा! मला विचारा म्हणाली. एका अडाणी म्हातारीला जे कळतं ते ह्या बी.एड. झालेल्याला कळत नाही. शिवाय दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत शेळी घालू नये हे शहाणपण खेड्यात आलं, ही आनंदाची गोष्ट आहे. मी तसं म्हटल्यावर गजाननने कपाळावर हात मारला. त्याने स्वतःसाठी रस्त्याच्या वरच्या अंगाला जागा धरलीय, दुप्पट भावाने. नारळाचा खर्च वेगळा.

९ फेब्रुवारी

पाण्याचाही विचार केला, नाहीतर म्हणतील जगन्नाथरावांनी घाई केली. प्लॉटवर विहीर नाही, म्हणून रस्त्यापलीकडच्या भुजंगच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन तपासायला दिलं. जमिनीखाली पाणी एकच.

लॅबमध्ये बद्रीनाथ म्हणून मदतनीस आहे. अहवाल आला: जंतू नाहीत, क्षार बेताचे, पिण्यास योग्य. मी उठलो तर हा म्हणतो, "साहेब, बोअर मारल्यावर त्या पाण्याचीच बाटली द्या. आन औषधा-बिवषधाची शंका असंल तर ते इथं व्हत न्हाई, औरंगाबादला पाठवावं लागंल."

सरकारी माणसाला फाटे फोडल्याशिवाय अन्न पचत नाही. मी त्याला म्हटलं, शंका असती तर मी बाटली आणली असती का? तो बाटल्या धुवायला लागला. शहाण्याला शब्दाचा मार.

२० फेब्रुवारी

खरेदीखत झालं. भविष्य निर्वाह निधीतली जवळजवळ सगळी उचल त्यात गेली, पण जागा नावावर आली. कचेरीत पेढे वाटले. भुजंगने सही केली आणि पेन खाली ठेवताना कागदाकडे बराच वेळ बघत राहिला.

"बा असता तर आज त्याच्या जिवाला थंड वाटलं असतं," म्हणाला.

डोळ्यात पाणी होतं की काय, नीट दिसलं नाही. जमीन विकताना कुणब्याचं काळीज हलतंच.

२८ मार्च, पाडवा

भूमिपूजन. शैलाने नवं लुगडं नेसून पहिली कुदळ मारली. उमाला आणायला मीच परभणीला गेलो होतो, सातवा लागलाय. ती प्लॉटच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "बाबा, इथं पक्षी का नाहीत?" पोरीला शहराची सवय. म्हटलं, घर होऊ दे, तुझ्या पोराच्या रडण्याने सगळे गोळा होतील.

खूप हसलो. बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघं एका जागी असे हसलो.

९ एप्रिल

बोअर. एकशे ऐंशी फुटांवर दोन इंच पाणी. उन्हाळ्यात! त्या गाडीवाल्याने पाणी ओंजळीत घेऊन नाकाशी धरलं आणि फेकलं. "साहेब, फवारणीवानी वास येऊन राह्यला." त्याला सांगितलं, तुझ्या मशीनचं ऑइल आहे ते. दोन दिवस उपसलं की जाईल.

११ एप्रिल

दोन दिवस उपसलं, वास कमी झाला. माझंच खरं निघालं.

१६ एप्रिल

आता रोज सकाळी स्कूटरला दोन कॅन बांधून आपल्या बोअरचं पाणी क्वार्टरवर आणतो. शेजारी नळाला रांग लावून बसतात आणि आमच्याकडे बघतात. उमाला म्हटलं, पी पोटभर, आजोळचं पाणी आहे. पोरगी हसून पेलाभर प्याली.

बांधकामावरच्या बायांच्या हाताला पुरळ उठलंय. मुकादम म्हणतो पाण्याने. मी म्हणतो सिमेंटने. नाचता येईना अंगण वाकडं.

२५ एप्रिल

शैलाने नेऊन लावलेली तुळस वाळली. दुसरी लावली. तीही मान टाकून बसली. शैला माझ्याकडे नुसती बघते. मी म्हटलं, उन्हाळा आहे. ती म्हणाली, "क्वार्टरातली तर हिरवी आहे." बायकांना तुळशीतही शकुन दिसतो.

३ मे

गोजरबाईची एक पाट, कोवळी शेळी, सुटून बांधकामावर आली, सिमेंट मुरवायच्या हौदातलं पाणी प्याली आणि संध्याकाळी मेली. म्हातारी आली, शेळी खांद्यावर टाकली आणि चालू लागली. मला भरपाई मागेल म्हणून मी तयारीत होतो. तिने काही मागितलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "साहेब, लेकीला न्या इथून."

उचलली जीभ लावली टाळ्याला. शेळीला काय, कुठं काय खाऊन आली असेल.

तरी आज कॅन आणला नाही. स्कूटरला पेट्रोल नव्हतं.

६ मे

स्वयंपाकघराच्या मागे शोषखड्डा खणायला लावला होता. सहा फुटांवर मजूर ओरडून वर आले. मी त्यांना आळशी म्हणून झापायला गेलो.

खाली मुरूम संपला होता आणि लाल गुलाबी लगदा होता. टोपलीभर वर काढला. बियाणं. सरकी आणि बाजरी, कुजून एक झालेली, तरी रंग तसाच. पेरणीच्या वेळी पिशवीतून निघतं तसं औषध लावलेलं बी. वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. एका बाजूला दगडी बांधकामाची कड लागली, गोल.

गोल कड. म्हणजे विहीर.

मजूर कुदळी घेऊन निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

७ मे

रखमाजीच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कोतवालाच्या घरी. तो उठू लागला, मी त्याला खाली बसवलं आणि विचारलं, काय आहे ते सांग. शपथ घातली.

"ती धर्मराज अण्णाची विहीर, साहेब. चौऱ्याऐंशी साली परगावच्या कोण्या बियाण्याच्या कंपनीनं अण्णाकडून तितं गोदामाला जागा किरायानं घेतल्ती. पावसात पत्रे गळले, सगळं बियाणं भिजलं. औषध लावल्यालं. तीन दिवस ट्रॅक्टरनं विहिरीत टाकलं, वरून मुरूम लोटला आन कंपनी गेली निघून. आता ती कंपनीच ऱ्हायली न्हाई. मंग फुडल्या साली अण्णाची बैलजोडी खालच्या डबक्याला पाणी पिली. दोन्ही बैल जागच्या जागी."

"मला सांगायचं नाही का मूर्खा?" मी ओरडलो.

रखमाजी घाबरला नाही. त्याला नवल वाटलं फक्त.

"सांगितल्तं की साहेब. तुम्ही चावडीत बसल्ते. अण्णा पंचनामा मागायला आल्ता, मी बी संग व्हतो. तुम्ही रजिस्टर उघडलं आन म्हनले, हितं तर ज्वारी उभी हाय. ज्वारी उभी असल्यावर जमीन खराब कशी? अर्ज ठेवून जा. अण्णा सा महिने येत व्हता. मंग तुम्ही विहीरबी काढून टाकली कागदातून, म्हनले बुजवली तर नोंद कशाला."

"आणि ते ज्वारी कुणी सांगितलं होतं मला?"

"मीच. पहिल्या साली खरीच व्हती. फुडं तुम्ही नंबर बोलायचे आन म्या मान हलवायच्या आधीच लिव्हायचे. मागच्या पानावरलं बघून."

"मग जानेवारीत मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही इचारलं, काय पेरत व्हते. म्या म्हनलं, तुम्ही लिव्हलंय तेच. तुमच्या लिव्हन्याला म्या खोटं कसं म्हनू? वाटलं, साहेबाला सगळं माहीत हाय, कायतरी इचार करूनच घेऊन राह्यले."

त्याच्या चेहऱ्यावर कपट शोधलं. असतं तर बरं झालं असतं.

तीन आठवडे पोरीला मी ते पाणी पाजलं. माझ्या हाताने. पी पोटभर, म्हणून.

८ मे

उमाला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, ठोके ऐकले, म्हणाले आता काही सांगता येत नाही, वाट बघायची. बद्रीनाथला स्वतः जाऊन बोअरची बाटली दिली. त्याने लगेच ती औरंगाबादला पाठवायची सोय केली. त्याने मला सुनवायला हवं होतं. मी त्याच्या जागी असतो तर सोडलं नसतं.

शैलाला सगळं सांगितलं. तिने पदर खोचला. उठून दोन्ही कॅन बाहेर नेले आणि कुऱ्हाडीने फोडले.

९ मे

भुजंगकडे गेलो. पोलीस, कोर्ट, काय काय बडबडलो. तो कडब्याच्या पेंढ्या रचत होता, तो रचतच राहिला.

"मी काय लपवलं, साहेब? तुम्हाला सात-बारा दाखवला. बिलकुल खरा. तुमचंच अक्षर." मग एक पेंढी खाली ठेवून म्हणाला, "आमचा बा त्या बैलांनंतर उठलाच न्हाई. मरताना बी म्हनत व्हता, साहेबाला एकदा जागेवर आना. म्या आनलं."

"माझी पोरगी गरोदर आहे रे."

त्याचा चेहरा पडला. हे त्याला माहीत नव्हतं. पाडव्याला तो तिथे नव्हता. "ते मला ठाऊक न्हवतं," एवढंच म्हणाला, आणि खाली बसला. मी त्याला नालायक म्हणणार होतो. शब्द तोंडापर्यंत आला आणि कुणासाठी आहे ते कळेना, म्हणून परत फिरलो.

२९ मे

औरंगाबादचा अहवाल. पिण्यास अयोग्य. औषधाची नावं इंग्रजीत आहेत, तीन. जनावरांनाही देऊ नये असं खाली लिहिलंय. गोजरबाईला हा अहवाल लागला नव्हता.

१ जून

काल निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ. तहसीलदारसाहेब म्हणाले, जगन्नाथरावांच्या नोंदीवर डोळे झाकून सही करावी. टाळ्या वाजल्या. मी नारळाकडे बघत बसलो.

क्वार्टरची किल्ली दिली. सामान गजाननच्या घरी. शैलाचं सात घरांनंतरचं हे आठवं. गजानन मला टोमणा मारेल म्हणून मी तोंड वळवून बसलो होतो. त्याने फक्त पंखा माझ्या बाजूला फिरवला. असल्या चांगुलपणाचा मला फार राग येतो.

११ जुलै

मुलगी झाली. अडीच किलोला थोडी कमी. डॉक्टरांनी हातपाय मोजले, डोळे बघितले, रडवलं. ठीक आहे म्हणाले. दर महिन्याला दाखवत राहा, एवढंही म्हणाले.

शैलाने माझ्या हातात दिली. मला ती नीट धरता येईना. मी जोरात रडलो. दवाखान्यातल्या बाया बघत होत्या. बघू दे.

२२ जुलै

सोनखेड्याच्या नव्या तलाठ्याकडे गेलो. मोटारसायकल, गॉगल, पंचवीस-सव्वीसचा. गट १४७ च्या नोंदीत विहीर, बुजवल्याची हकीकत आणि पाणी दूषित असल्याचं लिहून घ्या म्हणून अर्ज दिला, सोबत अहवाल.

"साहेब, विषारी बियाण्याला रकाना कुठाय? शेवटच्या वर्षाचं तर लिहून झालंय." त्याने वही माझ्याकडे फिरवली. १९९७-९८. ज्वारी.

"तिथं माझं अर्धं घर उभं आहे," मी म्हटलं. "भिंती आहेत तिथं. तुम्ही शिवारात गेला होतात का?"

"शिवारात कोण जातंय साहेब? तुम्ही गेल्ते का?"

तुच्छतेने बोलला. अगदी बराबर माझ्यासारखा. मग म्हणाला, "अर्ज ठेवून जा," आणि चहाचा कप त्यावरच ठेवला.

मी तिथंच बसून राहिलो. दोन तास. शेवटी तो कंटाळून म्हणाला, उद्या या. उद्याही जाणार आहे. धर्मराज सहा महिने यायचा. मी तर पेन्शनर आहे.

९ ऑगस्ट

गिऱ्हाईक आलं. परतूरचा एक कंपाउंडर, कारभारी नावाचा. बायको बेबीनंदा सोबत, तिच्या कडेवर वर्षाचं पोर. अर्धं बांधकाम आणि बोअर तयार म्हणून भाव चांगला देतो म्हणतो. आमची सगळी पुंजी परत आली असती आणि थोडी वरही.

त्यांना घेऊन प्लॉटवर निघण्यापूर्वी शैला म्हणाली, "विका. पण त्या बाईला पाणी चांगलं आहे असं सांगायच्या आधी त्या बोअरचा एक पेला तुम्ही प्या, एक मला द्या."

मी चपला घालून निघालो. रात्रभर विचार करून माझं ठरलं नव्हतं, हेही खरंच लिहितो.

प्लॉटवर कारभारीने खिशातून सात-बारा काढला. खूश होता. "साहेब, तपासून घेतलं मी सगळं. पंधरा साल बराबर ज्वारी. आन हे जुन्या पानांवरलं अक्षर बघा, कसं मोत्यावानी! असा तलाठी आता ऱ्हायला न्हाई."

मूर्ख. बावळट. डोळे असून आंधळा. जागेवर उभा आहे, पायाखाली काडी उगवलेली नाही, वर पक्षी नाही, आणि कागद वाचतोय. माझ्या तोंडात शिव्या आल्या. बेबीनंदाने पोराला खाली ठेवलं. ते रांगत त्या उघड्या मातीत गेलं आणि मूठ भरली.

मी धावत जाऊन त्याचा हात झटकला. पोर रडायला लागलं.

लिंबाखाली रखमाजी बसला होता. त्याला हाक मारली.

"रखमाजी, इकडं ये. मी काय लिहिलंय ते राहू दे. तू डोळ्यांनी काय बघितलंस ते ह्या लोकांना सांग."

रखमाजीने माझ्याकडे बघितलं. मग कारभारीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि विचारलं, "खरं सांगू का, साहेब?"

चाळीस वर्षांच्या नोकरीनंतरही त्याला हा प्रश्न विचारावा लागत होता. मी मान हलवली. त्याने सांगितलं. सावकाश, बैलांच्या नावासकट. एकाचं नाव हौशा होतं, दुसऱ्याचं सर्जा.

कारभारी बायको-पोराला घेऊन निघून गेला. जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी ओळखतो, आयुष्यभर मीच ती वापरली.

शोषखड्ड्याच्या कडेला मी आणि रखमाजी बराच वेळ उभे राहिलो. मग गजाननच्या घरी आलो. नात झोपली होती. तो तलाठी काही लिहीत नाही, तोवर इथं लिहून ठेवतो.

गट नंबर १४७, मौजे सोनखेडा. खरीप १९९८. पीक: काही नाही. विहीर: एक, बुजवलेली. जागेवर जाऊन पाहिलं.